तराजूत तोललेली माणसे

'गोरी, सडपातळ, सुस्वरूप.' विवाहविषयक जाहिरातींच्या रकान्यांत ही तीन विशेषणे इतकी वर्षे आणि इतक्या निर्विकारपणे छापली जात आहेत, की त्यांत काही खटकण्याजोगे आहे याचे भानही आता कोणास उरलेले नाही. शिक्षण, व्यवसाय, स्वभाव, धर्मनिष्ठा यांचा क्रम त्यांच्यानंतर लागतो. कित्येकदा तो लागतही नाही. ही रीत केवळ इतरांची आहे असे समजून आपण ख्रिस्ती मंडळींनी हात झटकण्याचे कारण नाही. आपल्या वधू-वर सूचक केंद्रांचे अर्ज आम्ही पाहिले आहेत. त्यांत उंची, वजन आणि वर्ण यांचे स्वतंत्र रकाने असतात आणि त्यांच्याच खाली बाप्तिस्मा कोणत्या धर्मग्रामात झाला याचाही रकाना असतो. ज्या कागदावर एका जिवाची परमेश्वराचे लेकरू म्हणून नोंद करावयाची, त्याच कागदावर तिचे किलोग्रॅम लिहून घ्यावयाचे, यात काही विसंगती आहे असे आपल्या समाजाला वाटत नाही. आम्हांस वाटते; म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आमचा आक्षेप सौंदर्यावर नाही. सौंदर्य ही देणगी आहे आणि देणगी नाकारणे हे कृतघ्नपणाचे लक्षण आहे. बारावे पायस या पोपमहाशयांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, म्हणजे मृत्यूपूर्वी अवघे पाच दिवस, प्लास्टिक सर्जरी करणाऱ्या शल्यविशारदांपुढे भाषण केले होते. शारीरिक सौंदर्य हे एक भले आहे, मात्र त्याहून कितीतरी श्रेष्ठ अशा भल्यांच्या ते अधीन आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. आमचा आक्षेप हा क्रम उलटा करण्यावर आहे. जे अधीन असावयास हवे त्याला आपण सिंहासनावर बसविले, त्याच्या हाती तराजू दिला आणि त्या तराजूने आपण माणसे तोलू लागलो. या तोलण्याने माणसे मोडतात. ती मोडताना आम्ही पाहत आहोत.

जे दुर्मीळ, ते सुंदर

प्रथम आपल्या भाषेचीच साक्ष काढू. मूल जन्मले आणि चार महिन्यांत त्याच्या मनगटावर वळ्या पडल्या, की त्याने 'बाळसे धरले' असे आपण कौतुकाने म्हणतो. ते 'गुटगुटीत' असले तर त्याला स्पर्धेत बक्षीसही मिळत असे. सुनेची निवड करताना ती 'खात्यापित्या घरची' दिसते, असा शेरा एके काळी पसंतीचा असे. 'अंगाने भरलेली' ही स्तुती होती. 'हाडांचा सापळा' ही कीव होती. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, रांगेत उभे राहून मिलो आणि सुकडी घेतली, त्यांना ही भाषा कोठून आली हे सांगावे लागत नाही. ज्या देशात पोटभर अन्न ही दुर्मीळ गोष्ट, तेथे भरलेले अंग हे भाग्याचे चिन्ह ठरते.

आता चित्र पालटले आहे. वडापाव, बिस्किटाचा पुडा, साखरेचे रंगीत पाणी यांवर गरिबाची भूक स्वस्तात भागते आणि त्याचे पोट सुटते. उलट ताजी फळे, मोजका आहार, व्यायामशाळेचे वार्षिक शुल्क आणि तेथे जाण्याइतकी फुरसत ही सुखवस्तू माणसाची मिरास झाली आहे. म्हणून आज सडपातळपणा हे भाग्याचे चिन्ह ठरले. सावळा रंग शेतात राबणाऱ्याचा आणि गोरा रंग सावलीत बसणाऱ्याचा, हा हिशेबही त्याच वहीतला आहे. ज्यास आपण सौंदर्याची चिरंतन कसोटी समजतो, ती बहुधा श्रीमंतीची तत्कालीन कसोटी असते. पूर्वी आपण माणसाचे सोने तोलत होतो, आता त्याची चरबी तोलतो. पण तोलणाऱ्याची नजर तीच आहे.

याच देशातील दुसरे सत्य तर आपण विसरूनच जातो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के स्त्रिया वजनाने अधिक आढळल्या, हे आकडे वर्तमानपत्रांनी ठळक अक्षरांत छापले. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या आणि पाच वर्षांखालील ३२.१ टक्के बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी भरले. जेथे दर तिसरे बालक अर्धपोटी, तेथे उपासमारीने येणारी काया हा सौंदर्याचा आदर्श म्हणून मिरविणे ही नुसती विसंगती नव्हे, तर क्रूर थट्टा आहे.

'आम्ही आरोग्यासाठी बोलतो'

यावर पहिले उत्तर ठरलेले आहे. 'फादर, आम्ही हिणवत नाही; आम्ही तिच्या आरोग्यासाठी बोलतो.' हे उत्तर गंभीरपणे घ्यावयास हवे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. स्थूलतेबरोबर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि गुडघ्यांची दुखणी येतात, हे कोणीही शहाणा माणूस नाकारणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह असल्याचे दिसून आले. हे संकट खरे आहे.

पण ज्या मापाने आपण शेजाऱ्याच्या मुलीला रोगी ठरवितो, ते माप तरी काय आहे? वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा तो सुप्रसिद्ध आकडा प्रथम मांडला तो कोणा वैद्याने नव्हे, तर बेल्जियमच्या आडोल्फ केटले या खगोलशास्त्रज्ञाने, १८३० च्या दशकात. 'सरासरी मनुष्य' कसा असतो याचा तो शोध घेत होता. एखाद्या व्यक्तीचे आरोग्य मोजणे हा त्याचा हेतूच नव्हता. अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज यांनी १९७२ साली त्या आकड्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले, तेही समूहांच्या अभ्यासासाठी. १९९८ साली अमेरिकेत जादा वजनाची मर्यादा २७ च्या पुढून २५ वर आणली गेली, आणि आदल्या रात्री धडधाकट म्हणून झोपलेली कोट्यवधी माणसे सकाळी जादा वजनाची म्हणून उठली. त्यांच्या अंगावर रातोरात मांस चढले नव्हते. रेघ सरकली होती.

आणि ही रेघ आपल्याला किती फसवते, हे आपल्याच पुण्यातील एका संशोधकाने जगाला दाखवून दिले आहे. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही तो निर्देशांक अगदी सारखा, २२.३. दोघेही सडपातळ. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बालके यांचा जो अभ्यास १९९३ पासून चालू झाला, त्यात आढळले की तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा पाऊण किलोहून अधिक कमी. पण त्या चिमुकल्या देहात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी मात्र राखून ठेवलेली. वरून रोड, आतून स्थूल. असे बालक पुढे मधुमेहाला सहज बळी पडते. आणि या कहाणीचा उगम शोधत गेले, की वाट पोहोचते ती गर्भार मातेच्या ताटापर्यंत.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. लग्न जमावे म्हणून जी आई आपल्या मुलीच्या ताटातील अर्धी भाकरी काढून घेते आणि तीच अर्धी भाकरी मुलीच्या भावाच्या ताटात वाढते, ती आई आरोग्य राखते आहे काय? ती मुलगी उद्या माता होणार आहे. आज तिची उपासमार करून आपण उद्याच्या नातवंडाच्या वाट्याला रोग वाढून ठेवतो, आणि याला आरोग्याची काळजी म्हणतो!

शिवाय हिणवल्याने वजन उतरते, हा समजही खोटा आहे. २०२० साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. स्थूल माणसांच्या हेटाळणीने त्यांचे शरीर आणि मन या दोहोंना इजा होते, आणि ती होऊ लागली की माणसे वैद्याकडे जाणेही टाळतात, असे त्यांनी सांगितले. २०२५ साली 'लॅन्सेट'च्याच एका आयोगाने केवळ त्या निर्देशांकावरून कोणासही रोगी ठरवू नये, अवयवांच्या कार्यात बिघाड आहे काय ते पाहावे, असा सल्ला दिला. वैद्यकशास्त्र आपली मोजपट्टी दुरुस्त करण्यास तयार आहे. आपली काकी आणि मामी मात्र नजरेच्या मोजपट्टीवर अढळ आहेत. ज्यांना खरोखरच आरोग्याची चिंता आहे, त्यांनी एकदा तरी त्या मुलीस 'तुझी झोप कशी आहे, तुझे हिमोग्लोबिन किती आहे' असे विचारावे. तसे कोणी विचारीत नाही. विचारतात ते एवढेच, 'काय गं, केवढी सुटलीस!'

खादाडपणाचे पाप आणि देहाचा आकार

दुसरे उत्तर अधिक धार्मिक वेष घेऊन येते. 'खादाडपणा हे सात प्रमुख पापांपैकी एक आहे. जाड माणूस म्हणजे ज्याला जिभेवर ताबा नाही तो.' हा युक्तिवाद आम्ही धर्मशिक्षकांच्या तोंडूनही ऐकला आहे, म्हणून त्याचा समाचार घेणे आमचे कर्तव्यच ठरते.

संत ग्रेगरी यांना अनुसरून संत थॉमस अक्वायनस यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत: अवेळी खाणे, महागडे तेच खाणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि अति चोखंदळपणे खाणे. या पाचांत शरीराच्या आकाराचा उल्लेख कोठेही नाही, कारण पाप मांसात नसते, वासनेच्या बेतालपणात असते. पाचवा प्रकार तर नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्याचा सारा दिवस आपण काय खाल्ले, काय खाणार आणि त्यात उष्मांक किती या चिंतेत जातो, ज्याच्यासाठी घरातील बाईने वेगळी चूल मांडावी लागते, तो देहाने काडीसारखा असला तरी संत थॉमस यांच्या व्याख्येतून सुटेलच असे नाही. आणि गोड तोंडाने शिळी भाकरी खाणारी, अंगाने स्थूल अशी मजूर बाई त्या व्याख्येत सापडेलच असेही नाही.

खुद्द संत थॉमस देहाने धिप्पाड आणि स्थूल होते, असे परंपरा सांगते. ते अबोलही होते. कोलोन येथे शिकत असता त्यांचे सहाध्यायी त्यांना 'मुका बैल' म्हणून चिडवीत. त्यांचे गुरू संत आल्बर्ट यांनी त्या टवाळांना बजावले, की या बैलाचे हंबरणे एके दिवशी साऱ्या जगाला ऐकू जाईल. तसेच झाले. टवाळांपैकी एकाचेही नाव आज कोणास ठाऊक नाही. १९५८ साली तेविसावे जॉन पोपपदी निवडले गेले तेव्हा तयार ठेवलेला एकही पांढरा झगा त्यांना बसेना, असे सांगतात. त्याच देहाच्या माणसाने पुढे दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद बोलावून ख्रिस्तसभेची दारे-खिडक्या उघडल्या. आणि याहून मोठी साक्ष हवी असेल तर शुभवर्तमान उघडावे. जकातदारांच्या व पापी लोकांच्या पंगतीला बसणाऱ्या येशूलाही त्याच्या निंदकांनी खादाड आणि दारूबाज म्हटले होते. म्हणजे या शिवीचा पहिला मान कोणाला मिळाला, हे ती उच्चारण्यापूर्वी आपण आठवावे.

माणसाच्या वजनात अनुवंशाचा वाटा मोठा असतो, असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून शास्त्रज्ञ सांगतात. तो चाळीस ते सत्तर टक्के असल्याचा त्यांचा अंदाज आहे. त्यात थायरॉइडचे विकार, बाळंतपणे, काही औषधे, रात्रपाळी आणि दारिद्र्य यांची भर पडते. हे सारे बाजूस सारून 'तोंडावर ताबा ठेव' एवढा एकच उपदेश करणे म्हणजे जन्मांध माणसाला पाहून, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी, असे विचारण्यासारखे आहे. त्या प्रश्नाला प्रभूने दिलेले उत्तर आपण जाणतो. दोघांनीही नाही.

उपवासाची ढालही येथे पुढे करू नये. उपवास आणि उपासमार यांत फरक आहे. संदेष्टा यशया याने खरा उपवास कोणता हे सांगितले आहे: आपली भाकर भुकेल्याशी वाटून खाणे. आपल्या ताटातले कमी होते ते दुसऱ्याच्या ताटात जावे म्हणून. आरशापुढे उभे राहण्यासाठी केलेल्या उपासाचा लाभार्थी आरशातलाच असतो. अतिरेकाने साधुत्वही टिकत नाही. सिएनाची संत कॅथरिन अन्न वर्ज्य करीत करीत १३८० साली वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. तिच्या साधुत्वापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण तिने जेवावे म्हणून तिच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनीच तिला परोपरीने विनविले होते, हे विसरता कामा नये. उपासमार मनाचे काय करते, हे कीज यांनीच १९४४-४५ साली मिनेसोटा येथे तपासले. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. त्यांतील अनेक शांततावादी ख्रिस्ती पंथांचे होते. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. ती मुले चिडचिडी, उदास आणि एकलकोंडी झाली. त्यांच्या स्वप्नात अन्न आले, ती पाककृतींची पुस्तके वाचत बसली. आपल्या घरातील एखादी मुलगी 'डाएट'वर असताना अशीच वागू लागली, तर तिचा स्वभाव बिघडला असे म्हणण्याची घाई करू नये.

'आम्ही तर गमतीने म्हणतो'

तिसरे उत्तर सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि सर्वांत खोल जखम करते. 'एवढे काय मनाला लावून घ्यायचे? गंमत आहे!' जाड्या, ढब्बू, काडीपहिलवान, ठेंगू, काळी अशा नावांनी आपल्या शाळा आणि आळ्या भरलेल्या आहेत. ज्याला ही नावे मिळतात तो हसतो, कारण न हसल्यास आणखी एक नाव मिळते.

'टुणटुण' हे नाव घ्या. स्थूल मुलीस चिडविण्यासाठी ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. ज्या उमादेवींचे ते पडद्यावरचे नाव, त्या मुळात गायिका होत्या. आईबापांविना वाढलेली ही मुलगी एकटी मुंबईत आली, नौशाद यांच्या दारी जाऊन उभी राहिली आणि १९४७ साली 'दर्द' या चित्रपटातील तिच्या गाण्याने देशाला वेड लावले. पुढे त्यांचे गाणे मागे पडले आणि देह पुढे आला. २००३ साली त्या निवर्तल्या तोवर पन्नास वर्षे लोक त्यांना पाहून हसत होते. त्यांनी विनोदालाही आपली कला बनविले, हा त्यांचा मोठेपणा. पण एका आवाजाच्या मोबदल्यात आपण एक शिवी कमावली, हा आपला व्यवहार.

हाच व्यवहार आमच्या डोळ्यांदेखत झाला आहे. एका धर्मग्रामात गायनवृंदात गाणारी एक मुलगी होती. पवित्र आठवड्यातील विलापगीत ती गाऊ लागली की मागच्या बाकांवरची कुजबूजही थांबत असे. एका लग्नाच्या स्वागतसमारंभात निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून तिच्या देहावर एक विनोद केला. हॉल हसला. तिच्यासाठी स्थळ पाहणारी मंडळीही त्या हॉलमध्ये होती, तीही हसली. पुढच्या रविवारपासून ती गायला येईनाशी झाली. तिच्या आवाजात कोणताही बिघाड नव्हता. चारचौघांच्या नजरेसमोर उभे राहण्याचे धैर्य तेवढे सरले होते. ज्या मंडळींनी त्या रात्री इंद्याल आणि फुगे यांवर यथेच्छ ताव मारला, त्यांनीच घरी जाताना तिच्या दंडांची चर्चा केली. पाप कोणाच्या पदरी पडले याचा निवाडा वाचकांनीच करावा.

पुरुषांनाही हे भोगावे लागते, हे खरे. टक्कल, ठेंगणेपण, किडकिडीत अंग यांवरून मुलांचीही चेष्टा होते. परंतु दोन्ही पारडी सारखी नाहीत. नवऱ्या मुलाचे पोट सुटले तर 'सुखात आहे' असे म्हणतात. बाळंतपणानंतर बायको फुगली तर 'स्वतःकडे लक्ष देत नाही' असे म्हणतात. गर्भारपण हा जणू स्त्रीच्या देहाने केलेला गुन्हा! एअर इंडियाच्या नियमानुसार हवाई सुंदरी प्रथम गरोदर राहताच तिची नोकरी संपत असे. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात तो नियम स्त्रीत्वाचा अवमान करणारा ठरवून रद्द केला. न्यायालयाने कंपनीचा नियम रद्द केला. घरोघरचे नियम रद्द करणारे न्यायालय अजून स्थापन व्हावयाचे आहे.

लाजेचा बाजार

ज्याची लाज वाटते त्याच्यावर औषध विकता येते. म्हणून लाज उत्पन्न करणे हा एक उद्योग झाला आहे. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली आणि गोरेपणाशिवाय नोकरी नाही, नवरा नाही, असे पंचेचाळीस वर्षे सांगत राहिली. २०२० साली नावातून 'फेअर' गेले, 'ग्लो' आले. डबी मात्र दुकानातून हलली नाही. महिन्याभरात वजन घटविण्याची हमी देणारी पत्रके लोकलच्या डब्यांत आजही चिकटविलेली असतात. वस्तुतः १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानुसार ज्या विकारांवरील उपचारांची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत स्थूलतेचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला, पत्रके रोज नवी निघतात.

२०२५ पासून तर वजन उतरविणारी नवी इंजेक्शनेही आपल्या देशात मिळू लागली आहेत. मधुमेहाने वा हृदयविकाराने त्रस्त माणसाला वैद्याच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होत असेल तर ते विज्ञानाचे वरदानच आहे. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही, आणि तसे औषध घेणाऱ्यासही कोणी ठेवू नयेत. पण लग्नाच्या फोटोंसाठी दोन महिने सुया टोचून घेणे हा उपचार नव्हे. तो समाजाने घातलेला दंड आहे आणि तो नववधू आपल्या रक्तातून भरते.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने देहाच्या या पूजेला नव्या मूर्तिपूजेच्या रांगेत बसविले आहे. शारीरिक परिपूर्णतेलाच दैवत मानले, की सबळ तेवढे निवडावे आणि दुबळे तेवढे टाकावे, अशी विकृती मानवी संबंधांत शिरते, असा त्या ग्रंथाचा इशारा आहे. दुसरीकडे विश्वपरिषदेने देहाचा तिरस्कार करण्यासही मनाई केली, कारण देह परमेश्वराने निर्माण केलेला आणि अखेरच्या दिवशी उठविला जाणारा आहे. पूजाही नको आणि तिरस्कारही नको. आपला समाज मात्र दोन्ही एकाच वेळी करतो. एका देहाची पूजा आणि बाकीच्यांचा तिरस्कार.

आता करावयाचे काय?

नाताळच्या नाटकापासून प्रारंभ करता येईल. वर्षानुवर्षे मरियेची भूमिका धर्मग्रामातील सर्वांत गोऱ्या, सडपातळ मुलीस मिळते. जाड मुलगा हेरोद होतो किंवा धर्मशाळेचा मालक. फार तर सांताक्लॉज. सहा वर्षांच्या मुलांना सद्गुणाचा आकार आणि दुर्गुणाचा घेर कोणता, हे आपण रंगमंचावरून शिकवितो. गालीलच्या खेड्यात विहिरीवरून पाणी वाहणारी आणि उन्हात राबणारी ती ज्यू मुलगी आपल्या निवडीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली असती, असे छातीठोकपणे कोण सांगू शकेल?

स्वागतसमारंभाच्या निवेदकाला यजमानांनी आधीच बजावावे, की कोणाच्याही देहावर विनोद चालणार नाही. तसा झाल्यास ध्वनिक्षेपक काढून घेतला जाईल. धर्मशिक्षकांनी वर्गातील टोपणनावे कानांआड करू नयेत. आयांनी मुलगा आणि मुलगी यांची ताटे सारखी वाढावीत. आपल्या समाजातील डॉक्टरांनी, आणि ते पुष्कळ आहेत, स्थूल रुग्णाची तक्रार काट्यावर उभे करण्यापूर्वी ऐकून घ्यावी. संत चोखामेळ्याने उसाचा दाखला देऊन बाहेरच्या रूपाला भुलणाऱ्यांना या भूमीत शतकांपूर्वी जागे केले होते. शमुवेलाला परमेश्वराने तेच शिकविले, जेव्हा तो इशायाच्या उंच्यापुऱ्या थोरल्या मुलाला पाहून भुलला आणि राजा मात्र मेंढरे राखत रानात होता. धडा जुना आहे. तो दर पिढीला नव्याने गिरवावा लागतो.

बेलशस्सर राजाच्या भिंतीवर एका रात्री हात उमटला आणि त्याने लिहिले, की तुला तराजूत तोलले व तू उणा भरलास. त्या तराजूत राजाची चरबी तोलली गेली नव्हती. त्याने मंदिरातील पात्रांची केलेली विटंबना तोलली गेली होती. मनुष्याचा देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे आपण दर वर्षी दृढीकरणाच्या मुलांना शिकवितो. मग त्या मंदिराची रुंदी मोजून हसणाऱ्यांचा हिशेब कोणत्या पारड्यात पडेल, हे वेगळे सांगावयास नको.

आमची मागणी मोठी नाही. वधू-वर सूचक केंद्रांचे नवे अर्ज छापावयास जातील तेव्हा वजन आणि वर्ण हे दोन रकाने गाळावेत. आरोग्याची माहिती हवीच असेल तर उभय पक्षांनी साखरपुड्यापूर्वी संमतीने वैद्यकीय तपासणीचे अहवाल एकमेकांस द्यावेत, वरानेही द्यावेत. दोन रकाने कमी झाल्याने कोणाचेही लग्न अडणार नाही. चार मुलींना मात्र पोटभर जेवता येईल, आणि एखादी पुन्हा गायला येईल.